इंटरव्हलनंतरचे डबे

जुईनगरच्या त्या सोसायटीत जोतीरामशी ज्याचं भांडण झालं नव्हतं, तो माणूस एकतर परवाच राहायला आलेला असायचा, नाहीतर ठार बहिरा. पार्किंगवरून भांडण, पाण्याच्या वेळेवरून भांडण, गच्चीवर कुणी वाळत घातलेल्या पापडांवरून भांडण. गणपतीत आरतीला उशीर झाला म्हणून त्याने एकदा सेक्रेटरीच्या हातातली घंटाच काढून घेतली होती. वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून अर्धं आयुष्य पोती वाहून त्याची पाठ वाकली, मान काही वाकली नाही, असं लोक म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे असा गैरसमज करून घेऊ नये.

पण ही सगळी किरकोळ भांडणं, हात चालू राहावा म्हणून केलेली. खरं वैर त्याने एकाच माणसासाठी राखून ठेवलं होतं आणि तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ हौसेराव. हौसेराव खारघरला मुलाकडे टोलेजंग इमारतीत राहायचा. जुईनगरहून खारघर काही लांब नाही, तरी एवढ्या वर्षांत जोतीरामने तिकडे पाय ठेवला नव्हता. भावकीतल्या लग्नात दोघे समोरासमोर आले की हौसेराव मांडवाबाहेर जाऊन उभा राहायचा आणि जोतीराम न जेवता परत यायचा. दोघांच्या नातवंडांना एकमेकांची नावं तेवढी ठाऊक होती.

वैर म्हटलं की माणसं आधी जमीन विचारतात. इथे जमिनीचा संबंध नव्हता. हे वैर होतं अर्ध्या सिनेमावरून, आणि तो अर्धा सिनेमा जोतीरामच्या पलंगाखाली पत्र्याच्या डब्यांमध्ये होता.

अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. मार्केटात येण्याआधी या दोघा भावांचा साताऱ्याकडे, माण-खटाव भागात, तंबूतला सिनेमा होता. यात्रा जिथे, तिथे तंबू. हौसेराव तिकिटं आणि बंदोबस्त बघायचा, जोतीराम मशीन चालवायचा. पुढे दोघांत फाटलं आणि गावच्या पंचांनी वाटणी केली. तंबूचं कापड मधोमध फाडलं, जनरेटर एकाला गेला, मशीन दुसऱ्याला, भोंगा एकेक. राहिली ती ‘मळवटाची आण’ या चित्रपटाची प्रिंट. वितरक बुडाला तेव्हा त्याने ती यांच्या गळ्यात मारली होती आणि पुढे त्याच चित्रपटाने यांना जगवलं होतं. ती दोघांनाही हवी होती. दिवस मावळला तरी दोघे हटेनात, तेव्हा एक पंच वैतागला आणि पानाला चुना लावता लावता म्हणाला, इंटरव्हलपर्यंतचे डबे थोरल्याला, इंटरव्हलनंतरचे धाकट्याला. पंचांना वाटलं, आता हे दोघे हसतील आणि जमवून घेतील. दोघांनी आपापले डबे उचलले आणि घरी गेले.

तेव्हापासून तो चित्रपट कुणी पुरा पाहिला नव्हता.

डबे म्हातारे झाले तसा त्यांना वास सुटला. आंबट, नाकात शिरणारा, चायनीजच्या गाडीवर येतो तसा. सून ज्ञानेश्वरी खमकी होती, म्हणून तर त्या घरात टिकली. तिने आधी डांबराच्या गोळ्या ठेवल्या, मग उदबत्त्या लावल्या, मग नवऱ्याला सांगून पाहिलं. नवरा कुलदीप उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला. दिवसभर दुसऱ्यांचे डबे हलवणारा हा गडी बापाच्या डब्यांना मात्र हात लावायला तयार नव्हता. शेवटी एका दुपारी सासरा खाली कुणाशी तरी भांडत असताना ज्ञानेश्वरीने डब्यांचे फोटो काढले आणि फोनवर टाकून दिले, कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा. आठवड्याच्या आत दारात एक मुलगी उभी राहिली.

मनस्वी तिचं नाव. खाडीकाठच्या गावातली पोर, आवाजात तो ठसका होता. महापेला एमआयडीसीत एक संस्था जुन्या फिल्मा थंड खोल्यांत जपून ठेवायची, दुरुस्त करायची, आणि चित्रपट मुळात जसा होता तसा पुन्हा उभा करायची. तिथे ती कामाला होती.

“काका, ‘मळवटाची आण’ची निगेटिव्ह जळून गेलीये,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “कुठेही एक प्रिंट नाही. आम्ही शोधून शोधून थकलो आणि तुम्ही ती पलंगाखाली ठेवलीये?”

“माझा पलंग हाय.”

“हा वास येतो ना, तो फिल्म मरतीये त्याचा आहे. गरमीने सडतीये ती.”

“मानसं बी मरत्यात. त्यास्नी न्यायला तुमच्या संस्थेतनं कोन येत न्हाई.”

ज्ञानेश्वरीने आतून भांडं आपटलं. मनस्वीवर काही परिणाम झाला नाही. तिच्या गावात याहून कडू म्हातारे होते आणि त्यातला एक तिचा बापच होता.

“पहिला अर्धा भाग कुठाय?”

“खारघरला. चोराकडं.”

तिने पत्ता विचारला. त्याने दिला नाही, ज्ञानेश्वरीने दिला. मग मनस्वीने समजावायचा प्रयत्न केला. आम्हाला तंबूवाल्यांनी काटछाट केलेला सिनेमा नकोय, ती म्हणाली. दिग्दर्शकाने केला तसाच हवा, मूळ. त्यातलं सगळं, एकूण एक दृश्य.

त्या शब्दाने जोतीरामच्या तोंडावरचा भाव बदलला. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“मूळ पायजे तुमास्नी? मंग त्या खारघरवाल्याला इचारा, विहिरीचा तुकडा कुठं घातला. मुळात माझी बायको हाय.”

त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे हार घातलेल्या चौकटीत विजयमाला होती. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला. त्यात ती आत्ताच कुणावर तरी रागावल्यासारखी समोर बघत होती. काही वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा घरात तिचा दुसरा फोटो सापडला नव्हता. लग्नातल्या फोटोत तिने पदरात तोंड लपवलेलं होतं.

चित्रपटाचं चित्रीकरण त्यांच्याच गावच्या माळावरच्या विहिरीवर झालं होतं. गर्दी हवी म्हणून गावातल्या बायका उभ्या केल्या, त्यात नवी नवरी विजयमाला होती. नायकाची बहीण पाणी शेंदते, मागे बायका घागरी घेऊन उभ्या, आणि त्यातली एक मध्येच वळते, सरळ कॅमेऱ्याकडे बघते आणि खुदकन हसते. तसं बघायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकाला ते आवडलं असावं. त्याने ते तसंच ठेवलं.

“मशीन थांबवायचो मी तिथं,” जोतीराम म्हणाला आणि त्या सबंध सकाळीत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. “ती हासली की थांबवायचो. आख्ख्या पडद्यावर माझी बायको. शिट्ट्यांनी तंबू फाटायचा. पोरं वरडायची, जोत्या, आजून एकदा. मागं घ्यायचो, पुन्ना लावायचो, पुन्ना थांबवायचो.”

“दिवा चालू ठेवून?” मनस्वीचा आवाज चढला. “अहो, जळते फिल्म तशी.”

“जळायच्या आत सोडायची. त्येला हात लागतो. एकांद्या येळी चुकायचं, बुडबुडा यायचा पडद्यावर. मंग तेवढं कापायचं आन जोडून टाकायचं. चार चौकटी गेल्या तर कोनाला कळतंय?”

मनस्वीला बोलायचं पुष्कळ होतं, पण डबे अजून पलंगाखालीच होते. तिने फक्त विचारलं, “आणि काकूंना आवडायचं?”

“आवडायचं म्हंजी? लाजायची. बायकांच्या बाजूला बसल्याली असायची, पदर वढून घ्यायची. घरी आल्यावर म्हनायची, नका ना थांबवू. बायका म्हनत्यातच तसं.”

मग त्याने पुढचं सांगितलं. सांगताना त्याचे दात एकमेकांवर घासत होते. एका यात्रेहून दुसऱ्या गावी तंबू गेला. पहिलाच खेळ. विहीर आली, नायकाची बहीण आली, जोतीराम मशीनवर हात ठेवून तयार होता. पडद्यावरचं चित्र एकदम उडालं आणि भलतंच दृश्य सुरू झालं. विजयमाला गायब. त्याने मशीन तसंच चालू सोडलं, भर प्रेक्षकांतून धावत दाराशी गेला आणि थोरल्या भावाची कॉलर धरली. हौसेराव एवढंच म्हणाला, “मी कापला. घरच्या बाईचं तोंड बाजारात नको.” त्यापुढे एक अक्षर नाही, ना त्या दिवशी, ना पंचांपुढे.

“माझ्या बायकोचं हासनं त्येला बघवलं न्हाई,” जोतीराम म्हणाला. “जळायचा. चुलीत घातला आसनार त्येनं तुकडा. तिचा जीवच तुटला तवा. मी इषय काढला की उठून आत जायची.”

ती उठून आत जायची हे खरं होतं. का जायची, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि त्या अर्थावर तीसएक वर्षांचं वैर पोसलं.

दोन दिवसांनी मनस्वी परत आली. हौसेराव पहिला अर्धा भाग द्यायला तयार होता. आनंदाने नव्हे, पण तयार होता.

“आणि तुकडा आहे त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “जर्द्याच्या डब्यात ठेवलाय. मला डबा दाखवला, उघडला नाही. म्हणाले, हा मिळणार नाही. का, तर सांगत नाहीत.”

जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुकडा जळाला म्हणून त्याने भावाला शिव्या घातल्या होत्या, पण जळालेल्या वस्तूची माणूस आशा तरी सोडतो. आणि हा, हा माणूस तिला डब्यात कोंडून बसला होता. ती आजारी पडली, गेली, दहाव्याला त्याच्याकडून वहिनी एकटी येऊन गेली, आणि तेव्हाही तो डबा याच्या कपाटात होता. घरात भिंतीवर ते रागावलेलं तोंड, आणि तिचं हसू खारघरच्या चोराकडे.

“तुकडा आल्याबिगर माझा एक डबा हलनार न्हाई,” तो म्हणाला.

“काका, मला तुमच्या भांडणात रस नाही. पण पुढच्या उन्हाळ्यानंतर हे डबे उघडाल तर आत लगदा निघेल. मग घ्या बदला.”

“आमी घिऊ. तुमी या.”

जिन्यात तिचा फोन वाजला. बापाचा असावा. दार उघडंच होतं, त्यामुळे जोतीरामला सगळं ऐकू आलं. “हाय, अजून इथंच हाय बाबा. दोन म्हातारे हायेत, नुसते दगड. जेवन झाकून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिक्षाने खारघरला गेला. कुलदीप सोडायला येतो म्हणाला, तर त्याच्यावरच खेकसला. गेटवर वॉचमनने विचारलं, कुणाकडे? भाऊ हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. त्याने नाव सांगितलं. वॉचमनने फोनवर बटण दाबलं. वरून कुणी हो म्हणेपर्यंत आत सोडता येत नव्हतं आणि वरून कुणी लवकर हो म्हणेना. उन्हात ताटकळत उभ्या जोतीरामला ठाऊक होतं की वर हौसेराव तो फोन हातात घेऊन बसला आहे. जोतीराम त्याच्या जागी असता तर त्यानेही तेच केलं असतं.

हौसेराव खिडकीपाशी खुर्चीत होता. अंगावर मांस उरलं नव्हतं, जवळ काठी. भावाला बघून त्याने मान दुसरीकडे वळवली. त्याची बायको वैजयंती पाणी घेऊन आली. जोतीरामने पेल्याला हात लावला नाही.

“तुकडा दे.”

“न्हाई.”

“माझी बायको हाय त्यात.”

“म्हनूनच न्हाई.”

“तुझ्या बापाची इस्टेट हाय काय ती?”

“तुझा आन माझा बाप येकच व्हता, जोत्या. त्येनं तुला अक्कल दिली न्हाई, त्येला मी काय करू.”

तोंडाला तोंड लागलं. हॉलमधल्या सोफ्यावर अभ्यास करत बसलेली नात वही घेऊन आत निघून गेली. एवढ्या वर्षांचं साठलेलं दोघांनी बाहेर काढलं; पंच, जनरेटर, मांडव, आईच्या आजारपणात कोण आलं आणि कोण नाही आलं. शेवटी जोतीराम अशा जागी आला जिथे माणसाने येऊ नये.

“जळत व्हतास तू,” तो म्हणाला. “तुझ्या बायकोकडं कोन ढुंकून बघत नव्हतं, म्हनून माझी कापलीस.”

वैजयंती तिथेच उभी होती. हौसेराव काठीवर जोर देऊन उठला. त्याने काठी उचलली.

“बसा तुमी,” वैजयंती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मग ती जोतीरामकडे वळली. “भाऊजी, मी विजूला शबूद दिला व्हता म्हनून आजवर गप ऱ्हायले. हे बी गप ऱ्हायले. आता ती न्हाई आन माझं बी काय ऱ्हायलंय. तुकडा ह्यांनी कापला, पर विजूनं सांगितलं म्हनून कापला.”

“खोटं हाय.”

“ऐकून घ्या. कापायच्या आदल्या यात्रेत तुमी मशीन थांबवलं, शिट्ट्या झाल्या, आन दोगं गडी मधली दोरी वलांडून बायकांत शिरले. पडद्यावरची बाई हीच का, बगायचं म्हनून. येकानं तिच्या त्वांडावरचा पदर वढला, दुसऱ्यानं हात धरला. आमी बायका वराडलो, पर तुमच्या भोंग्यापुढं कोन ऐकतंय. तुमी मशीनपाशी हुबं व्हता. हासत व्हता. दुसऱ्यांदा मागं घेतलंत तुमी, ती रडत व्हती तवा.”

वैजयंती थांबली नाही.

“थोरले दीर म्हनून ह्यांच्यापुढं ती त्वांड उगडत न्हवती. माझ्यापाशी आली. म्हनाली, अक्का, दादांना सांगा तेवढं कापाया. आमच्या मानसाला किती येळा सांगितलं, न्हाई ऐकत. पर माझं नाव कळू देऊ नका, त्यास्नी लई लागंल.” वैजयंतीने पदराने तोंड पुसलं. “आन चित्रात आल्याचं तिला वाईट न्हवतं, भाऊजी. कवा कवा तुमचं जेवन लांबलं आन दुसऱ्यानं मशीन चालवलं, का पदर सारून बगायची. माज्या मांडीला चिमटा काढायची, अक्का, आली बगा मी. थांबवल्याचं वाईट व्हतं.”

खोटं आहे असं पुन्हा म्हणायला जोतीरामने तोंड उघडलं. पण त्या यात्रेहून परतताना विजयमालाच्या मनगटावर फुटलेल्या बांगडीची जखम होती, ती त्याला आठवली. तंबूच्या खुंटीला अडखळले, असं ती म्हणाली होती, आणि त्याने तिला बघून चालायला सांगितलं होतं. एवढंच. त्या आठवणीने त्याला असं धरलं की त्याला बसावं लागलं, ज्या घरात पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नव्हता त्याच घरात.

हौसेरावला त्याची दया आली असेल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “तिला येकदा इचारलं असतंस तर तंबू मोडला नसता. माझी कॉलर धरलीस चारशे मानसांत. मी बोललो न्हाई, शबूद दिला व्हता म्हनून. आता ऊठ.”

जोतीराम उठला. दारापाशी थांबून त्याने खालच्या आवाजात विचारलं, “तुकडा?”

“त्या पोरीला मी सोता नेऊन देनार. तुझ्या हातात न्हाई. तुझ्या हाताला ती येकदा लागली तेवढी बास.”

त्या संध्याकाळी जोतीरामने स्वतः पलंगाखाली वाकून डबे बाहेर ओढले आणि कुलदीपला म्हणाला, महापेला घालून ये. अट विचारली नाही, पावती मागितली नाही. कुलदीपने बायकोकडे पाहिलं. ज्ञानेश्वरीने आधी खिडक्या उघडल्या आणि मग सासऱ्याला चहा टाकला. चहात साखर कमी आहे असं तो म्हणाला नाही, तेव्हा मात्र ती घाबरली.

जर्द्याचा डबा उघडायच्या दिवशी मनस्वीने दोघांनाही बोलावलं. खोलीत गारठा होता. हौसेराव मफलर गुंडाळून आला आणि टेबलाच्या एका टोकाला बसला. जोतीराम दुसऱ्या टोकाला. मनस्वीने पांढरे हातमोजे घालून जर्द्याच्या डब्यातून ती छोटी गुंडाळी काढली आणि खालून उजेड येणाऱ्या काचेवर उलगडली. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “यात किती जोड आहेत.”

जोतीराम पुढे झाला. काचेवर विहीर होती, घागरी होत्या. विजयमाला वळू लागली होती, प्रत्येक चौकटीत थोडी अधिक. ओठ सुटू लागले होते. मग एक जोड. मग तपकिरी फोड आलेली एक चौकट, जिथे तोंड असायला हवं तिथे भोक. मग पुन्हा जोड, लगेच आणखी एक. आणि त्यापुढच्या चौकटीत तिने पाठ फिरवलेली होती.

“हसणं कुठाय?” त्याने विचारलं.

मनस्वीने जोडांवरून बोट फिरवलं. “सुरुवात आहे. बाकीचं जळलंय, नाहीतर कापून जोडलंय. थोरल्या काकांनी कापलं ते हे सगळं जसंच्या तसं आहे, त्यांनी एक चौकट वाया घालवली नाही. हे आधीचं आहे.”

आधीचं म्हणजे कुणाचं, हे तिला सांगावं लागलं नाही. भावाने नेलेलं सगळं भावाने जपलं होतं. जे नव्हतं ते जोतीरामने स्वतःच यात्रेगणिक दिव्यापुढे धरून संपवलं होतं. शिट्ट्या वाजत होत्या आणि पडद्यावर ती जळत होती, आणि तेवढं कापून तो पुढच्या गावाला जात होता. एवढी वर्षं त्याच्या डोक्यात ती जे लांबच लांब हसत होती, ते कुठल्याच डब्यात नव्हतं. हौसेरावने त्याच्याकडे पाहिलं आणि मफलर सारखा केला.

“हे लावायचं ना?” मनस्वीने विचारलं. “मूळ सिनेमात आहे ते. पण तुमच्या घरातलं माणूस आहे. सांगा.”

ती दोघांनाही विचारत होती. हौसेराव भावाकडे बघायला तयार नव्हता. तो भिंतीला उद्देशून म्हणाला, “दिसल्याचं तिला वाईट न्हवतं.”

“लावा,” जोतीराम म्हणाला.

फिल्म धुवायला, सांधायला, संगणकावर घ्यायला बरेच महिने गेले. उन्हाळा येऊन गेला. एके दिवशी मनस्वीचा फोन आला की दोन्ही अर्धे जोडले आहेत, बघायला या. संस्थेच्या छोट्या खोलीत मोजक्या खुर्च्या आणि एक पडदा होता. वैजयंती मधल्या खुर्चीवर बसली, तिच्या दोन बाजूंना दोघे म्हातारे. हौसेरावने आल्या आल्या मुलाला मोठ्याने सांगितलं, “इंटरव्हलला गाडी घिऊन ये. म्होरलं माझं न्हाई.” जोतीरामने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांच्यात समेट झाला नव्हता आणि पुढेही होणार नव्हता.

दिवे मालवले. मळवट आला, माळ आला, गाव आलं. आवाजात खरखर होती, पण माणसं स्वच्छ दिसत होती, तंबूत कधी दिसली नव्हती इतकी. मनस्वी मागे संगणकापाशी बसली होती. विहीर जवळ आली तसा जोतीरामचा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला आणि हवेतच थांबला. नायकाची बहीण पाणी शेंदू लागली.

मनस्वीला तो हात दिसला. ती कडू असली तरी वाईट नव्हती.

“काका, थांबवू का इथे?” ती हळूच म्हणाली. “नीट बघता येईल. आता काही जळत नाही.”

जोतीरामने हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

“न्हाई,” तो म्हणाला. “थांबवायचं न्हाई.”

पडद्यावर विजयमाला वळली, तिचे ओठ जरासे सुटले, आणि घागर कमरेवर घेऊन ती बायकांबरोबर चालू लागली.